चॅनेल सोळावरची खरखर

"दर्याराणी" एवढा एकच शब्द मला ऐकू आला. पुढचं सगळं खरखरीत गेलं.

मी आवाजाचं बटण पुरतं फिरवलं, तर खरखरही तेवढीच वाढली. घर्रर्र, मध्येच टिकटिक, पुन्हा घर्रर्र. तिच्या तळाशी कोणीतरी बोलत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"काय म्हणाला?" मुकादमांनी विचारलं. अब्बासभाई मुकादम आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि त्यांच्या भिजलेल्या कपड्यांतलं पाणी लादीवर ठिबकत होतं.

"दर्याराणी म्हणाला. पुढचं गेलं."

"आवाज कोणाचा?"

"जयवंताचा."

जयवंत म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, शैलजाचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. शैलजाने त्याला वाढवला, लग्न होऊन माझ्याकडे आली तेव्हा त्यालाही घेऊन आली. आता चोवीस वर्षांचा झाला होता आणि गणू तांडेलच्या दर्याराणीवर खलाशी होता.

नोव्हेंबर महिना होता. सकाळपासून वारा फिरला होता आणि दुपारपर्यंत आगरवेळच्या सगळ्या बोटी बंदरात परतल्या होत्या, एक सोडून. शेवटी आलेल्या बोटीवाल्यांनी सांगितलं की दर्याराणीचं इंजिन बंद पडलंय. त्यांनी ओढून आणण्यासाठी दोनदा दोर टाकला, दोन्ही वेळा तुटला. मग ते मदत आणायला निघून आले. त्याला तीन तास होऊन गेले होते. तेवढ्यात बोट वाहत कुठे गेली असेल ते आता फक्त बोटीवरचा माणूसच सांगू शकत होता. त्यांच्याकडे जीपीएस होतं. त्यावरचे आकडे कळले असते की मी तटरक्षक दलाला फोन केला असता आणि त्यांची बोट सरळ तिथे गेली असती. बोटीवर सहा माणसं होती.

"पुन्हा बोलव त्याला," मुकादम म्हणाले.

मी माईक उचलला. "दर्याराणी, दर्याराणी, आगरवेळ बोलतोय. आकडे सांग. आकडे."

घर्रर्र. मग "सतरा" ऐकू आलं. मग काही नाही.

वेळ तीन वाजून दहा मिनिटं. मी वहीत टिपली. प्रत्येक बोलण्याची वेळ टिपायची मला सवय होती.

सोसायटीचा हा वायरलेस, कायम चॅनेल सोळावर लावलेला, माझ्या घरी होता, कारण वाडीत माझं घर सर्वांत वर, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा मी एकटाच. छपरावर पाइप उभा करून अँटेना मीच चढवली होती. सेट बॅटरीवर चालायचा, त्यामुळे वीज असो नसो, ऐकू यायचं. अडचण एकच होती. माजघरात शैलजाचा कंप्युटर होता.

शैलजा त्यावर लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका करायची. कंप्युटर आला त्याच दिवशी सेटवर खरखर सुरू झाली. मी तिला समजावलं होतं की कंप्युटर हाही एक प्रकारे छोटा रेडिओच आहे, फरक इतकाच की तो नको ते बोलतो. ती म्हणाली होती, "म्हणजे तुमच्या आत्यासारखा." मग आम्ही दोघांनी मिळून तो गप्प करायचा चंग बांधला. अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. वायरींना लोखंडी चुऱ्याच्या काळ्या कड्या अडकवल्या. अँटेनाची वायर मागच्या भिंतीवरून लांबून फिरवली. खरखर निम्म्यावर आली. पण आमच्याकडच्या उकाड्यात कंप्युटर तापून बंद पडायचा, म्हणून उन्हाळ्यात मीच त्याच्या डब्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. ते झाकण पुन्हा बसलंच नाही आणि खरखर परत वाढली. त्यावर आम्ही तोडगा काढला: सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, या बोटींशी बोलायच्या वेळा. त्या वेळी ती कंप्युटर बंद ठेवायची. घड्याळ बघून, मी न सांगता.

आता तीन वाजले होते. बोलायची वेळ नव्हती. म्हणजे कंप्युटर चालू होता.

मी उठलो. मुकादम हळूच म्हणाले, "तिला सांगणार?"

"नाही. सगळ्या बोटी आल्या असंच तिला वाटतंय, उगाच घाबरेल. ती इथे येऊन बसली तर मला काही सुचायचं नाही."

"हिरू वहिनीला सांगितलंय मी. ती देवळात बसलीय." हिरू म्हणजे गणू तांडेलची बायको.

"शैलजाला नको."

मी माजघराचं दार अर्धं उघडलं. ती स्क्रीनसमोर बसली होती. सकाळपासून वीज येत-जात होती आणि त्याने तिचं काम बिघडलं होतं.

"अगं, बंद कर जरा. ऐकायचंय."

"आता? कोण आहे?"

"कोणी नाही. हवामानवाल्यांचं काहीतरी आहे."

"अहो, डिस्क तपासायला लावलीय. मध्येच बंद केलं तर सगळ्या पत्रिका जातील. अर्धा तास चालेल?"

मी म्हणायला हवं होतं, नाही चालणार, जयवंत तिथे आहे. मी म्हणालो, "बघ, जमलं तर कर."

"करते," ती म्हणाली. मी दार ओढून घेतलं, कारण वारा घरात शिरत होता. दाराच्या फटीतून स्क्रीनचा उजेड गेलेला मला दिसला. ती मागे स्वयंपाकघरात गेल्याचंही ऐकू आलं.

सेटवर येऊन बसलो तर खरखर थोडी बदलली होती. पण गेली नव्हती.

"गेली नाही," मुकादम म्हणाले.

"आमच्या घरातली नाही ही. ही भाटकर मास्तरांकडची."

भाटकर मास्तर शेजारच्या घरात राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाच्या आग्रहाने कंप्युटर घेतला होता. त्यावरून तीन महिन्यांपूर्वी माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. मी सोसायटीकडे लेखी तक्रार दिली होती. तेव्हापासून ते मला बघून रस्ता बदलायचे. त्या दिवशी मी पावसात त्यांच्या ओटीवर चढलो.

"मास्तर, कंप्युटर बंद करा."

"काय हो पावसे, वादळही माझ्यामुळेच आलं का?"

"बंद करा म्हणतो ना!"

"बंदच आहे. सकाळपासून."

मी ऐकलं नाही. सरळ आत गेलो आणि भिंतीतली पिन उपटली. कंप्युटरवर पांघरूण घातलेलं होतं, फुलाफुलांचं. मास्तरांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मास्तर म्हणाले, "वर्गात करायचो ना, तसं तुम्हाला बाकावर उभं करायला हवं होतं."

घरी आलो. खरखर तशीच.

मधल्या वेळात मुकादमांनी दोन आकडे टिपले होते. एक तीन, दुसरा पाच की सहा, त्यांनाही खात्री नव्हती. "पाणी आत येतंय म्हणाला बहुतेक," ते म्हणाले. "हरीभाऊ, काहीतरी कर."

"वाडीची वीज घालवा. वायरमनला सांगा, फ्यूज काढ म्हणावं. सगळी वाडी बंद झाली की आपोआप कळेल."

मुकादमांनी फोन केला. वायरमन आधी तयार होईना. साहेबांची परवानगी लागते म्हणाला. मुकादमांनी त्याला जी शिवी दिली ती मी त्या मशिदीत जाणाऱ्या माणसाच्या तोंडून आयुष्यात एकदाच ऐकली. तीन चाळीसला वीज गेली. पंखा थांबला. खालच्या दुकानातला फ्रिज थांबला. वाडीवर फक्त वारा आणि पाऊस राहिला.

आणि सेटवर तीच खरखर. घर्रर्र, टिकटिक, घर्रर्र.

मी हात टेकले. वाडीत एकही दिवा चालू नव्हता. मग आवाज कुठून येत होता? मी म्हणालो, "हवेचाच असेल. विजा चमकताहेत."

"किंवा त्याच्याच सेटमधला."

"असेल."

आम्ही दोघांनी एकमेकांची समजूत काढली. माईकवर मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. पलीकडून आवाज यायचा, पण प्रत्येक वेळी जास्त बारीक. त्याची बॅटरी उतरत होती. तटरक्षक दलाच्या ऑफिसात मी फोन लावून ठेवला होता. पलीकडचा माणूस दर पाच मिनिटांनी विचारायचा, "मिळाली का पोझिशन?" मी म्हणायचो, "थांबा."

चारला दोनेक मिनिटं असतील. दारात भाटकर मास्तर उभे. डोक्यावर गोणपाट, हातात त्यांचा छोटा ट्रान्झिस्टर.

"मला आत्ता कळलं जयवंताचं," ते म्हणाले. "तुम्ही तेव्हा नुसतं एवढं सांगितलं असतंत तर मीच पिन काढली असती."

त्यांनी ट्रान्झिस्टर पुढे धरला. "माझ्या घरात याला आवाज नाही. अंगणात नाही. तुमच्या पायरीवर आलो आणि हा बोलायला लागला. बघा."

त्यांनी ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या जागेवर लावला होता. त्यातून घर्रर्र येत होती. सेटवरचीच. मास्तर दोन पावलं आत आले, आवाज वाढला. सेटकडे नेला, कमी झाला. मग ते माजघराच्या दाराकडे वळले आणि ट्रान्झिस्टर इतका ओरडायला लागला की त्यांनी तो हातातच झाकला.

मी दार उघडलं.

खोलीत अंधार होता. स्क्रीन काळा होता. आणि टेबलाखाली दोन हिरवे दिवे. एक कंप्युटरच्या डब्याचा आणि एक यूपीएसचा. उघड्या डब्यातून डिस्कची टिकटिक ऐकू येत होती.

तिने फक्त स्क्रीन बंद केला होता. आणि का नाही करणार? खरखर स्क्रीनची असते, असं तिला मीच सांगितलं होतं, कारण बरीचशी स्क्रीनचीच असायची. वीज गेल्यावर यूपीएस ओरडायला हवा होता. तो ओरडत नव्हता, कारण त्याच्या टूंटूंचा मला सेट ऐकताना त्रास होतो म्हणून त्यातला बझर मीच काढून टाकला होता. सगळ्या वाडीची वीज मी घालवली आणि माझ्या घरात यूपीएस गुपचूप चालत राहिला.

शैलजा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय झालं? मास्तर, तुम्ही?"

मी खाली वाकलो आणि यूपीएसचं बटण दाबलं. दिवे गेले. डिस्क घरघरत थांबली.

आणि ओटीवरच्या सेटमधून स्वच्छ आवाज आला.

"भावोजी, ऐकताय का? दर्याराणी. बोट भरतेय. ऐकताय का कोण?"

शैलजाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती माझ्या बाजूने निघून गेली, माझ्याच खुर्चीवर बसली आणि माईक उचलला. बटण कुठे दाबायचं ते तिला कधी शिकवलं नव्हतं, पण रोज बघून माहीत होतं.

"जया, मी ताई. आकडे सांग. हळू सांग."

"ताई?"

"रडू नको. आकडे सांग."

त्याने सांगितले. तिने वहीत लिहिले, उलट वाचून दाखवले, त्याने हो म्हटलं. मुकादमांनी ते तसेच फोनवर सांगितले. वेळ चार वाजून पाच मिनिटं. तीही मीच टिपली. शैलजा त्याच्याशी अजून थोडं बोलली. डिझेलचे रिकामे कॅन एकत्र बांधा, म्हणाली. गणूदादाला गुडघ्याचं दुखणं आहे, त्याला मध्ये घ्या, म्हणाली. मग पलीकडून आवाज यायचा बंद झाला.

तटरक्षक दलाची बोट साडेसातला पोचली. दर्याराणी सहाच्या सुमाराला बुडाली होती. पाच माणसं डिझेलच्या रिकाम्या कॅनना धरून तरंगत होती, जयवंत त्यांतला एक. गणू तांडेलने सात वाजेपर्यंत धरून ठेवलं होतं. जयवंत पुढे म्हणाला, "लांबून उजेड दिसायच्या आधी थोडाच वेळ त्याचा हात सुटला. जेवायला बसावं एवढा वेळ."

तीन दहा ते चार पाच. पंचावन्न मिनिटं. मला कोणी हिशेब विचारला नाही. मुकादमांनी सोसायटीच्या कागदात 'खराब हवामानामुळे संपर्कात अडथळा' असं लिहिलं. मास्तरही कुठे काही बोलले नाहीत.

त्या रात्री शैलजाने मला विचारलं, "मला सांगायला आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून दारात उभी राहिली. "मी हिरू वहिनीकडे जाते. येताय?"

मी गेलो. हिरू वहिनी भिंतीला टेकून बसली होती. बायका होत्या. शैलजा तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी दारातच राहिलो.

"वहिनी, तो आवाज हवेचा नव्हता. आमच्या घरातला कंप्युटर चालू होता. त्यामुळे आकडे ऐकू आले नाहीत. जवळजवळ तासभर."

हिरू वहिनीला ते पहिल्यांदा कळलंच नाही. शैलजाने पुन्हा सांगितलं. मग वहिनीने विचारलं, "तुला बंद कर म्हणून कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मी फक्त स्क्रीन बंद केला."

यातला शब्द न् शब्द खरा होता. का बंद करायचं, ते तिला सांगितलं नव्हतं, एवढंच ती बोलली नाही. ते मी बोलायचं होतं. मी दाराच्या चौकटीला हात धरून उभा होतो. मला वाटलं, आता बोलतो. मग वाटलं, इतक्या बायकांत नको. हिरू वहिनी म्हणाली, "भाऊ तुझा वाचला ना," आणि तोंड फिरवलं. आम्ही घरी आलो.

शैलजाने कंप्युटर विकला. पत्रिका करायला पुढे कोणी तिच्याकडे आलंही नसतं. वाडीत एवढंच राहिलं की नवरा सांगत असूनही हिने कामासाठी कंप्युटर चालू ठेवला आणि गणू गेला. हिरू वहिनी तिच्याशी बोलायची बंद झाली. सणावाराला घरावरून पुढे जायची. एकदा देवळात शैलजाने तिला पाण्याचा तांब्या दिला, तो तिने खाली ठेवला आणि हाताने विहिरीवरून पाणी काढून प्यायली. शैलजा घरी येऊन म्हणाली, "आज वहिनीच्या पायाला सूज दिसली."

मी त्या वर्षी एक काम केलं. वाडीत, आणि पुढे आजूबाजूच्या तीन गावांत, ज्याच्या घरी कंप्युटर येईल त्याच्याकडे जाऊन मी फुकट अर्थिंग करून द्यायचो. झाकणं बसवायचो, स्क्रू आवळायचो, कड्या अडकवायचो, आणि यूपीएसचं बटण कुठे ते सगळ्यांना दाखवायचो. लोक म्हणायचे, हरीभाऊ किती राबतात. शैलजा मला डबा भरून द्यायची. ती कधीही म्हणाली नाही की एवढ्या घरी जाता, त्या एका घरी जा.

गेल्या वर्षी वैशाखात ती गेली. पोटाचं दुखणं, चार महिने. जयवंतानेच अग्नी दिला, आम्हाला मूल नव्हतं. सगळी वाडी आली होती. हिरू वहिनी आली नाही.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात खाटेवर सुकत घातलेले बोंबील परतत होती. आता तिला नीट दिसत नाही, हाताने चाचपून परतते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. जयवंत बोटीवर आहे हे मी शैलजाला सांगितलं नव्हतं. हवामानवाल्यांचं आहे, म्हणालो होतो. जमलं तर बंद कर, म्हणालो होतो. खरं सांगितलं असतं तर तिने कंप्युटर उचलून अंगणात फेकला असता.

वहिनीचा हात थांबला.

"भावजी," ती म्हणाली, "सतरा वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्याले नाही."

"माहीत आहे."

"ती आजारी होती तेव्हा तिने मला निरोप धाडला होता, भेटून जा म्हणून. मी नाही गेले."

ते मला माहीत नव्हतं.

"आता मी कोणाकडे जाऊ?" वहिनीने विचारलं. "सांगा ना. आता सांगायला आलात, तर मी कुठे जाऊ तेही सांगा."